ली व्हॅन क्लीफसाठी घेतलेली डीव्हीडी

वडशाच्या बाजारात जुन्या डीव्हीडी विकणाऱ्या भाऊकडे ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६) मिळाली. मी झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक करतो, म्हणून खास त्यातल्या खलनायकासाठी, म्हणजे ली व्हॅन क्लीफ या नटासाठी घेतली. पैसे वसूल!

त्याची एंट्रीच बघा. शेतकऱ्याच्या घरात शिरतो, समोर बसतो, वाडग्यात वाढून घेतो आणि निवांत जेवू लागतो. कितीतरी वेळ कोणी बोलत नाही. घास चालू, पण नजर समोरच्यावरच. आमच्याकडे खलनायक आला की आधी गडगडाटी हसू, मग डायलॉग. मागची पब्लिक लांब बसते, ते लागतंच. पण जवळच्या प्रसंगात असं गप्प राहून बघायचं मी ठरवलंय.

१९५२ च्या ‘हाय नून’मध्ये याला एकही संवाद नव्हता! पुढे वर्षानुवर्षं टोळीतल्या गुंडाची छोटी कामं, मग अपघातात गुडघा जायबंदी. चाळिशीत त्याला दिग्दर्शक सर्जिओ लिओनेनं ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’मध्ये कर्नल केलं, तेव्हा कुठे नशीब उघडलं.

डीव्हीडीचा आवाज जरा बारीक आहे. कब्रस्तानातल्या शेवटच्या लढतीत त्याचा हात जवळून दिसतो, मधल्या बोटाचं टोक तुटलेलं. माझ्या डिस्कवर चित्र नेमकं तिथंच अडकतं. भाऊ लावून दाखवतो, तेवढा भाग दुकानातच बघून घ्या.