एनएमआरियम: एनएमआर शिकवणाऱ्यांनी वापरून बघाच

बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांना एनएमआर (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, चुंबकीय क्षेत्रातल्या अणूंच्या सिग्नलवरून रेणूची रचना ओळखायची पद्धत) शिकवताना खरी अडचण थिअरीची नसते, पीक समोर दिसतो पण तो रेणूतल्या नेमक्या कुठल्या हायड्रोजनचा हे डोळ्यांना दिसत नाही, तिथे गाडी अडते. पुस्तकातला छापील स्पेक्ट्रम झूम होत नाही, मल्टिप्लेट (फाटे फुटलेला पीक) इतका बारीक की क्वार्टेट (चार फाटे) आहे का आणखी काही ते कळत नाही, मग मुलं तक्ता पाठ करतात, ४ पीपीएमच्या (पीकची जागा मोजायचं एकक) आसपास म्हणजे ऑक्सिजनशेजारचा, ७ ला ॲरोमॅटिक, आणि काम भागवतात. एनएमआरियम हे एनएमआर स्पेक्ट्रम बघायचं सॉफ्टवेअर मला आवडलं ते यावर नेमका उपाय करतं म्हणून.

ब्राउझरमध्ये चालतं, इन्स्टॉल काही करायचं नाही, ओपन सोर्स आहे, पैसे नाहीत. जेकॅम्प फाइल (स्पेक्ट्रमचा एक प्रचलित फाइल फॉरमॅट) किंवा ब्रुकर कंपनीच्या मशीनचा फोल्डर झिप करून खिडकीत ओढून टाकला की स्पेक्ट्रम उघडतो. प्रोसेसिंग तुमच्याच ब्राउझरमध्ये होतं, डेटा बाहेर जात नाही, त्यामुळे लॅबमधला अजून पब्लिश न झालेला स्पेक्ट्रमसुद्धा निर्धास्तपणे वर्गात दाखवता येतो.

सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे स्ट्रक्चर आणि स्पेक्ट्रम एकमेकांना जोडलेले असतात. असाइनमेंट (कुठला सिग्नल कुठल्या अणूचा ते नेमणं) करून ठेवली की अणूवर कर्सर नेला की त्याचा सिग्नल उजळतो, सिग्नलवर नेला की अणू. ऐकायला साधं वाटेल पण वर्गात याचा फरक प्रचंड पडतो, मुलं आपणहून स्ट्रक्चरवरून कर्सर फिरवत बसतात आणि प्रश्न विचारायला लागतात.

मी सुरुवात नेहमी इथाइल ॲसिटेट आणि मिथाइल प्रोपॅनोएट या जोडीपासून करते. दोघांचा फॉर्म्युला सी४एच८ओ२, दोघांत एक ट्रिप्लेट (तीन फाटे), एक सिंगलेट (न फुटलेला पीक), एक क्वार्टेट, इंटिग्रेशन (पीकखालचं क्षेत्रफळ, म्हणजे हायड्रोजनचं प्रमाण) ३:३:२, म्हणजे नुसता आकार बघून उत्तर देणारा इथे हमखास फसतो. फरक सगळा जागेचा आहे. इथाइल ॲसिटेटमध्ये क्वार्टेट ४.१२ ला आणि सिंगलेट २.०४ ला, मिथाइल प्रोपॅनोएटमध्ये सिंगलेट ३.६७ ला आणि क्वार्टेट २.३ च्या आसपास, कारण ऑक्सिजनला चिकटलेला गट बदलला. दोन्ही स्पेक्ट्रम एकाखाली एक लावले की हे न सांगता दिसतं. मग एचएमबीसी (दोन-तीन बाँड लांबचे हायड्रोजन आणि कार्बन जोडून दाखवणारा टू-डी स्पेक्ट्रम) उघडायचा आणि कार्बोनिल कार्बनच्या ओळीत किती क्रॉस पीक आहेत ते मोजायला लावायचं. इथाइल ॲसिटेटमध्ये दोन, कारण इथाइलचा शेवटचा सीएच३ चार बाँड लांब पडतो, मिथाइल प्रोपॅनोएटमध्ये तीन, कारण तिथे तिन्ही गट दोन-तीन बाँडांच्या आत येतात. ज्यांना टू-डी एनएमआरची धास्ती असते तीच मुलं हे एकदा मोजल्यावर पुढचा कंपाउंड मागतात.

दुसरी गोष्ट, जी बऱ्याच ठिकाणी शिकवलीच जात नाही, ती म्हणजे कच्चा एफआयडी, यंत्रातून येणारा, वेळेनुसार विरत जाणारा मूळ सिग्नल, ज्यातून फुरिए ट्रान्सफॉर्म स्पेक्ट्रम काढतो. फुरिए ट्रान्सफॉर्म काय करतो हे फळ्यावर समीकरण लिहून जेवढं पोचत नाही तेवढं इथे एफआयडी टाकून बटण दाबल्यावर पोचतं. फेज करेक्शन स्वतः करू द्या, पीकची एक बाजू बेसलाइनच्या खाली गेलेली बघून ती सरळ करताना फेज म्हणजे काय ते कळतं. मग लाइन ब्रॉडनिंग मुद्दाम १० हर्ट्झपर्यंत वाढवायला सांगा, नॉईज कमी होतो पण ७ हर्ट्झचं कपलिंग असलेला क्वार्टेट एकच जाडा ढिगारा होऊन बसतो. सिग्नल-टू-नॉईज आणि रिझोल्यूशन यात देवाणघेवाण असते हे मुलांना परत सांगावं लागत नाही.

आता जिथे सांभाळून वापरायचं तिथलं. प्रेडिक्शनची सोय चांगली आहे, स्ट्रक्चर काढलं की अंदाजे स्पेक्ट्रम मिळतो, पण ती मी शेवटीच उघडू देते. ओएच आणि एनएचचे सिग्नल सॉल्व्हंट, कॉन्सन्ट्रेशन, तापमान यावर सरकतात, प्रेडिक्शनमध्ये मात्र एक ठरावीक आकडा येतो आणि मूल त्यालाच खरं धरून खरा स्पेक्ट्रम चुकीचा ठरवतं. अशा वेळी डी२ओ शेकच्या (नमुना जड पाण्याबरोबर हलवायचा, ओएच-एनएचच्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम येतो) आधीचा आणि नंतरचा असे दोन खरे स्पेक्ट्रम शेजारी ठेवणं जास्त उपयोगाचं, सिग्नल गायब झालेला दिसला की विषय संपला.

सराव प्रश्नांतही तसंच आहे. स्पेक्ट्रम बघून स्ट्रक्चर काढायचं आणि बरोबर-चूक लगेच कळतं, हे उत्तम, पण कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये लगेच उत्तर मिळालं की काही मुलं एकामागून एक आयसोमर काढून नशीब आजमावत बसतात. म्हणून माझा नियम असा की आधी कागदावर डबल बाँड इक्विव्हॅलंट (फॉर्म्युल्यावरून रेणूत डबल बाँड आणि रिंग मिळून किती ते), इंटिग्रेशन आणि प्रत्येक सिग्नलमागचं कारण लिहायचं, मगच स्क्रीनला हात. मार्क त्या कारणांना. हे न करता नुसती लिंक पाठवून दिली तर सॉफ्टवेअरचा अर्धा फायदा गेलाच म्हणून समजा.

आयआर (इन्फ्रारेड) आणि मास स्पेक्ट्रम मात्र इथे शोधू नका, याचा सगळा भर एनएमआरवर आहे. त्यासाठी जपानच्या एआयएसटी संस्थेचा एसडीबीएस हा स्पेक्ट्रमचा डेटाबेस आणि अमेरिकेच्या निस्ट संस्थेचं वेबबुक आहेच, दोन्ही फुकट. तिथे इथल्यासारखं अणूवरून सिग्नलवर उड्या मारत खेळता येत नाही, पण एस्टरचा १७४० च्या आसपासचा सी-ओ डबल बाँडचा पट्टा आणि मासमधला ४३ चा पीक दाखवायला ते पुरतात, आणि एनएमआरवरून काढलेलं उत्तर ताडून बघायलाही.

एकच विनंती, टू-डी स्पेक्ट्रम फोनवर करायला लावू नका, कॉन्टूर बोटाखाली झाकले जातात, लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर लॅब घ्या आणि एका मशीनवर दोनच मुलं बसवा.