घाट चढायचा असेल तर ३६ व्होल्ट की ४८?

सायकलला हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी विजेची मोटर, बसवायची म्हटलं की चर्चा मोटरचीच होते. मला विचाराल तर आधी बॅटरीचं ठरवा. मी दीड वर्ष ३६ व्होल्टवर काढलं, आता ४८ वर आहे. मोटर तीच आहे, २५० वॅटची गिअरवाली.

सपाटीवर ३६ ला नावं ठेवायला जागा नाही. बॅटरी हलकी, खिशाला परवडणारी. स्वारगेट ते कात्रज एवढीच ये-जा असेल तर खुशाल तीच घ्या.

माझा रस्ता मात्र कात्रजच्या जुन्या घाटातून जातो. सकाळी बॅटरी भरलेली, ४२ व्होल्ट. बोगद्यापर्यंत काही तक्रार नसायची. त्रास संध्याकाळी, शिंदेवाडीकडून चढताना. मोटर करंट ओढायला लागली की बॅटरीचं व्होल्टेज खाली बसतं. निम्मी उतरलेली बॅटरी ३१ च्या आसपास आली की कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटरला वीज सोडणारा डबा, पुरवठा तोडायचा. थ्रॉटल दाबून काही होत नाही. पाय टेकून उभं राहिलं की डिस्प्लेवर दोन काड्या परत हजर. पुन्हा निघायचं, पुढच्या वळणावर पुन्हा बंद. बॅटरीत जीव आहे आणि तो वापरता येत नाही, मागून ट्रक हॉर्न देतोय. या एका गोष्टीने मला ३६ सोडायला लावलं.

४८ ला तेवढ्याच ताकदीसाठी करंट पाऊणपटच लागतो. म्हणून १५ अँपिअरऐवजी १२ चा कंट्रोलर घेतला. मोटरमधल्या नायलॉनच्या गिअरवरही जादा ताण नको होता. आता संध्याकाळचा चढ एकदाही न थांबता होतो. वायरी हाताला पूर्वीइतक्या गरम लागत नाहीत. मीटर लावून मोजलेलं नाही, पण फरक रोजचा आहे.

फक्त बॅटरी बदलून भागवू नका, ही कळकळीची विनंती. ४८ ची बॅटरी भरली की ५४.६ व्होल्ट होते आणि ३६ च्या बऱ्याच कंट्रोलरमधले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) ५० व्होल्टपर्यंतच झेपणारे असतात, ते जळू शकतात. उलटं केलं, तर ४८ चा कंट्रोलर ४० च्या आसपासच तोडतो. ३६ ची बॅटरी धड निघणारही नाही. मोटरवर ३६ लिहिलेलं असलं तरी ती ४८ वर चालते, पण तिसऱ्या हिश्शाने जास्त पळते. त्यामुळे डिस्प्लेमध्ये वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटरच्या आत ठेवा, नाहीतर वाहन म्हणून नोंदणीचा प्रश्न येतो.

आणखी एक. नव्या कंट्रोलरच्या पिवळ्या, हिरव्या, निळ्या वायरी मोटरच्या वायरींना रंगाला रंग जुळवून जोडल्या, तर माझी मोटर गुरगुरून जागच्या जागी थरथरली. लगेच थ्रॉटल सोडला, चाक उचलून धरलं आणि जोड्या बदलत गेलो. चौथ्या जोडीला चाक गुळगुळीत फिरलं.

चार्जरही नवा लागतो. माझ्याकडच्या दोन्हींची पिन सारखीच होती, म्हणून ४८ च्या चार्जरला लाल टेप गुंडाळली. ३६ चा सगळा संच धाकट्या भावाला दिला. त्याचा रस्ता सपाटीचा आहे आणि तो खूश आहे.