पावागडचा रोपवे: घ्यावा, पण उतरताना

वडोदऱ्याहून पावागड साधारण ५० किलोमीटर. हालोलमार्गे चांपानेरला एसटी, तिथून घाटाने डोंगराच्या मध्यावरची माची, आणि रोपवे माचीहूनच सुटतो. वर सोडतो तो थेट देवळात नव्हे. कालिकामातेच्या दारापर्यंत पायऱ्या उरतातच. आजी-आजोबांना हे आधी सांगून ठेवा.

सेवा म्हणून चांगली, पण भरवशाची नाही. वारा वाढला की बंद, वार्षिक देखभालीला बंद, आणि नवरात्रात किंवा रविवारी रांग इतकी की पायी गेलेले आधी पोहोचतात. धडधाकट माणसाने सकाळी सातच्या आत माचीहून पायी चढावं आणि परतीला रोपवे घ्यावा. गुडघे चढताना नाही, उतरताना बोलतात.

पायीच उतरायचं असेल तर नखं आदल्या दिवशी कापा आणि घोट्यापाशी नाडी घट्ट बांधा; पाऊल पुढे सरकलं की अंगठ्याचं नख बुटावर आपटून काळं पडतं. पावसात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, गुळगुळीत तळाची चप्पल तिथे नकोच.

पाणी माणशी २ लिटर, उन्हाळ्यात ३. ओआरएसचं १ लिटरचं पाकीट १ लिटरमध्येच. छोट्या बाटलीत ओतलं तर क्षार जास्त होऊन मळमळतं. दशम्या, थेपले पाठीवरच्या बंद सॅकमध्ये ठेवा. हातातली प्लास्टिकची पिशवी वानरांना लांबून कळते, आणि प्रसादाचीही त्यातून सुटका नाही.