गावभागातला रविवारचा चित्रकलेचा वर्ग: आठ महिन्यांनंतर

उभा पैलवान नुसत्या नजरेनं पाहिला तर नऊ डोक्यांचा, म्हणजे स्वतःच्या डोक्याच्या नऊपट उंच वाटतो. पेन्सिल धरून मोजला तर साडेसातच भरतो. मान आणि खांदे इतके भरलेले की डोकं लहान दिसतं. हे मी स्वतः मोजून पाहिलंय, म्हणून या वर्गाबद्दल लिहावंसं वाटलं.

मी विश्रामबागेत २२ वर्षं ब्लाऊज शिवते. माणसाची आकृती नीट काढता यावी ही शाळेपासूनची इच्छा. एका गिऱ्हाइकानं या वर्गाचं सांगितलं आणि मी गेले. वर्गाला पाटी नाही, सांगलीच्या गावभागात एका जुन्या वाड्याच्या माडीवर दर रविवारी साडेसात ते दहा भरतो. फी महिन्याला १,२०० रुपये.

पहिला महिनाभर सरांनी डोळेही काढू दिले नाहीत आणि बोटंही. नुसती मापं. हात ताठ पुढे धरायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीचं टोक समोरच्या माणसाच्या टाळूशी जुळवायचं, अंगठ्याचं नख हनुवटीशी. तेच माप खाली उतरवत जायचं. कोपर जरा वाकलं की माप बदलतं. आदर्श आकृती आठ डोक्यांची धरतात. तिसऱ्या डोक्याला बेंबी येते, चौथ्याला जांघ, म्हणजे निम्मी उंची तिथंच झाली. खरी माणसं साधारण साडेसातात बसतात आणि वर्षाचं मूल चारच डोक्यांचं असतं. माझे सुरुवातीचे कागद चेहऱ्यापासून सुरू व्हायचे आणि पावलांना जागा उरायची नाही. सरांनी एकदाही खोडून दिलं नाही. "ताई, आधी वरची आणि खालची रेघ मारा, माणूस त्यात बसवा," एवढंच म्हणाले.

माझ्या धंद्यात टेपनं घेर मोजतात. छाती ४२ आली तरी समोरून ती किती रुंद दिसेल हे टेप सांगत नाही. हा फरक कळायला मला दोन महिने लागले. आणि उतरता खांदा! एक खांदा खाली असलेल्या बायकांना मी इतकी वर्षं त्या बाजूला पॅड जास्त देत आले. सरांनी मॉडेलला एका पायावर भार द्यायला सांगितला, तशी भाराच्या बाजूची कंबर वर आली आणि त्याच बाजूचा खांदा खाली आला. आता ट्रायलच्या आरशासमोर मी आधी गिऱ्हाइकाचे पाय बघते, दोन्ही पायांवर नीट उभं राहायला सांगते आणि मगच टेप लावते.

हात शिकवायची त्यांची रीत मला सगळ्यात आवडली. आपलाच हात मेजावर उताणा ठेवायचा आणि दुसऱ्या हातानं धरायचा. आत दोन हाडं शेजारी शेजारी लागतात. मग तळवा पालथा करायचा. करंगळीकडचं हाड, अल्ना, कोपराशी जागच्या जागी राहतं आणि अंगठ्याकडचं रेडियस त्याच्यावरून आडवं जातं. मनगटाजवळ हात चपटा का आणि कोपराखाली गोल का, ते बोटांना कळतं. त्यानंतर माझे हात लाटण्यासारखे दिसायचे थांबले.

तालमीतले पैलवान महिन्यातून एकदा येतात आणि वीस वीस मिनिटं स्थिर उभे राहतात. बाराव्या मिनिटाला मांडीचा स्नायू थरथरायला लागतो आणि गुडघ्याच्या वर आतल्या बाजूला त्याचा थेंबासारखा फुगवटा स्पष्ट दिसतो. त्यांचे आपण सगळ्यांनी आभारच मानले पाहिजेत. मी आधी मॉडेल म्हणून ४५० रुपयांची १२ इंची लाकडी बाहुली मागवली होती, ती घेऊ नका. तिचा हात वर केला तर नुसता हातच फिरतो. माणसाचा हात वर जाताना गळ्याजवळचं हाड आणि पाठीचं फावडं सोबत फिरतं, खांद्याचा सगळा आकार बदलतो.

डिसेंबरात सर आम्हाला औंधच्या संग्रहालयात घेऊन गेले, पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या. राजा रविवर्म्यांच्या चित्रासमोर त्यांनी विचारलं, साडीच्या आत गुडघा कुठाय? मी लगेच दाखवला. चुण्या कुठून निघतात ते मला शिवणातून माहीत होतं. कापड जिथं अंगावर टेकतं तिथूनच त्या निघतात.

तक्रारी दोन. खोलीत दोन्ही बाजूंनी ट्यूबलाइट आहेत, त्यामुळे सावल्या मरतात. पैलवान येतात तेव्हा तरी एक बंद करावी. दुसरी तक्रार मोठी आहे. आठ महिन्यांत एकही स्त्री मॉडेल आली नाही. आम्ही बायकाच आळीपाळीनं साडीत बसतो. वर्गात निम्म्याहून जास्त मुली आणि बायका असताना स्त्रीचं शरीर फक्त प्लास्टरच्या पुतळ्यांवरून शिकायचं, हे मला मान्य नाही. सरांना दोनदा सांगितलंय, त्यांनी प्रयत्न करतो म्हटलंय.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शाळकरी मुलांच्या चित्रकलेच्या परीक्षांच्या आधी मुलांची गर्दी होते, तेव्हा सर तुमच्याकडे कमी येतात. नवीन असाल तर परीक्षा झाल्यावर जा. कागद लावायचा बोर्ड आपला न्यावा लागतो. जिना अरुंद आहे, वळणावर बोर्ड उभा धरा.