दोन खेळाडूंचा आर्केड किट: बोर्ड पास, स्टिक काठावर, बटणं पॅनलच्या भरवशावर

सोलापुरात घरच्या घरी आर्केड कॅबिनेट (व्हिडिओ गेम पार्लरमधलं स्टिक-बटणांचं मशीन) बांधायचं तर लाकूडकामाचं काही अडत नाही. प्लाय, सनमायका, सुतार, ॲक्रिलिक कापणारा, स्टिकर छापणारा फ्लेक्सवाला, सगळं शहरातच मिळतं. गाडी अडते ती स्टिक आणि बटणांपाशी. ती सहसा ऑनलाइनच मागवावी लागतात, आणि शोधायला गेलं की पहिल्यांदा समोर येतो तो हाच बिननावाचा किट: दोन स्टिक, ३० मिमीची १६ बटणं, २४ मिमीची ४ बटणं, स्टिक-बटणांचे इशारे संगणकाला पोचवणारे दोन ‘झीरो डिले’ यूएसबी बोर्ड आणि सगळ्या वायरी. विकणारे वेगवेगळे, माल जवळपास एकच. सान्वा या जपानी कंपनीच्या अस्सल स्टिकची जोडी घ्यायला गेलात तर तेवढ्या पैशांत हा अख्खा किट घरी येतो. घ्यावा का? घ्यावा, पण सुताराला बोलवायच्या आधी खालचं वाचून.

तक्रार आधी सांगतो, कारण विक्रीच्या पानावर ती सापडणार नाही. यातली बटणं खटका मारून बसणारी आहेत. बटणाच्या दोन्ही अंगांना प्लास्टिकचे कान असतात आणि ते पॅनलच्या खालच्या कडेला अडकले तरच बटण पक्कं बसतं. ही रचना २ ते ४ मिमी जाडीच्या पत्र्यासाठी किंवा ॲक्रिलिकसाठी आहे. आपल्याकडचा सुतार सवयीने १८ मिमी प्लाय काढतो आणि त्यालाच भोकं पाडतो. मग ते कान भोकाच्या भिंतीतच चेपून राहतात. बसवताना बटण घट्ट वाटतं, पण दणकून खेळायला लागलं की हळूहळू वर सरकतं, आणि वायरीच्या ओढीने तिरकं होऊन अडकतं. लोक याला ‘बटण खराब आलं’ म्हणतात. बटण चांगलं असतं, चुकलेली असते ती पॅनलची जाडी.

उपाय दोन. पहिला, आणि आमच्या मते चांगला: वरचं पॅनल २ मिमी ॲल्युमिनियमचं किंवा तेवढ्याच जाडीच्या लोखंडी पत्र्याचं करून घ्या. खाली १२ मिमी प्लायची चौकट ठेवा आणि बटणांच्या झुबक्याखाली त्या प्लायला मोठी खिडकी पाडा. पत्र्याऐवजी ३ मिमी ॲक्रिलिक चालतं, पण खिडकी तळहाताएवढी झाली की ॲक्रिलिक लवतं. मध्ये प्लायची एक आडवी पट्टी सोडावी लागते. ॲक्रिलिकला होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) लावू नका, कडेला तडे जातात. नावाच्या पाट्या आणि ट्रॉफ्या करणाऱ्यांकडे लेझरने कापून घ्या, आणि अख्खं पॅनल कापायच्या आधी एका टाकाऊ तुकड्यावर एकच ३० मिमीचं भोक पाडून बटण बसवून बघा. धातूचं पॅनल केलंत तर त्याला अर्थिंगची वायर जोडायलाच हवी. त्यात तडजोड नाही.

दुसरा उपाय जाड प्लायच ठेवायची असेल त्यांच्यासाठी: किटमधली बटणं बाजूला ठेवून खालून नट आवळायची लांब मानेची, २८ मिमी भोकाची अमेरिकन पद्धतीची बटणं घ्या. मात्र त्यांच्या मायक्रोस्विचचे (बटणाखालच्या छोट्या स्विचचे) पाय बहुधा ४.८ मिमी रुंद असतात आणि किटमधल्या वायरींच्या टोकाला २.८ मिमीच्या टोप्या आहेत. म्हणजे वायरीही वेगळ्या घ्याव्या लागतात, आणि मग किट घेण्यात फारसं हशील राहत नाही.

आखणी करताना दोन बटणांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर ३६ मिमीच्या खाली नेऊ नका. भोक ३० चं असलं तरी बटणाची वरची कडा त्याहून मोठी असते, ती शेजारच्या कडेला घासते. स्टिकच्या दांड्यासाठी २४ मिमीचं भोक पुरतं, वरून काळी चकती ते झाकते. दोघांच्या पॅनलची रुंदी ६०० मिमीपेक्षा कमी ठेवली की कोपराला कोपर लागतं आणि भांडणं गेमच्या बाहेर सुरू होतात.

बटणं किती लावायची? पार्लरच्या दिवसांतला ‘मुस्तफा’, म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, दोन बटणांत भागतो: एक मारायला, एक उडी मारायला. ‘स्ट्रीट फायटर २’ ला मात्र सहा लागतात, तीन बुक्क्यांची आणि तीन लाथांची. म्हणून प्रत्येकी सहा लावा; स्टार्ट आणि कॉइन २४ मिमीच्या बटणांवर द्या. अशाने ३० मिमीची चार बटणं उरतात. ती टाकू नका, पुढेमागे त्यातलंच एखादं कामी येतं. (मुस्तफा मुळात तिघांचा गेम आहे. तिसऱ्या भिडूसाठी तिसरा बोर्ड आणि तिसरी स्टिक सुटी घ्यावी लागते, आणि पॅनल मग मीटरभर रुंद लागतं.)

आता बोर्ड. किटमधली सर्वांत बिनतक्रार वस्तू हीच. नाव ‘झीरो डिले’ असलं तरी विलंब शून्य नसतो, कारण यूएसबीवर संगणक ठरावीक मिलिसेकंदांनी बोर्डाला विचारतो, तेवढा वेळ जातोच. पण ६० हर्ट्झच्या गेममध्ये एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं. त्या मानाने बोर्डाचा उशीर हाताला जाणवत नाही. जाणवतो तो टीव्हीचा. कॅबिनेटमध्ये टीव्ही लावला असेल तर त्याचा गेम मोड चालू करा, मगच बोर्डाला दोष द्या.

जोडणी सोपी आहे. प्रत्येक बटणाला दोन वायरी, उलटसुलट लावल्या तरी चालतं, कारण आत नुसता स्विच आहे. दिवे असलेली बटणं घेतलीत तर मात्र त्यांना उलटसुलट चालत नाही. स्टिकची पाच पिनांची वायर एकाच सॉकेटमध्ये जाते. दोन्ही बोर्डांवर बटणं एकाच क्रमाने लावा. पहिल्या खेळाडूचं पहिलं बटण पहिल्या जागी, तर दुसऱ्याचंही तिथंच. पुढे सॉफ्टवेअरमध्ये बटणं नेमताना याचे आशीर्वाद मिळतात. मोड, टर्बो, ऑटो असं लिहिलेल्या जागा रिकाम्या ठेवा. मोडला चुकून बटण लागलं आणि ते दाबलं गेलं, की स्टिकच्या दिशा वेगळ्याच प्रकारे पाठवल्या जातात, गेमला त्या कळत नाहीत आणि स्टिक मेली असं वाटतं.

गडबड होते ती पुढच्या ठिकाणी. बटणाच्या पायावर टोपी दाबताना जोर लावला की प्लास्टिकच्या बुडातला पाय आत वळतो आणि बटण कायमचं दाबलेलं दिसायला लागतं. काढताना वायर धरून ओढू नका, लांब चोचीच्या पक्कडीने टोपी धरा. टोपी सैल वाटली तर पक्कडीने किंचित चेपा. बोर्ड थेट पत्र्यावर आवळू नका. खालचे सोल्डरचे टोक पत्र्याला टेकतात. मध्ये प्लास्टिकचे स्पेसर घाला, आणि यूएसबी वायर बोर्डापासून दोन बोटांवर टाय मारून अडकवा, नाहीतर दार उघडताना ती सॉकेटमधून निघते. दोन्ही बोर्ड संगणकाला हुबेहूब एकसारखे दिसतात. म्हणून कोणती वायर कोणत्या पोर्टात लावली ते मार्करने लिहून ठेवा. अदलाबदल झाली की पहिला खेळाडू दुसरा होतो.

स्टिक काठावर पास. लढाईच्या आणि मारामारीच्या गेमला ठीक, खटका जरा कडक आणि आवाज मोठा. बसवताना स्टिकची धातूची पट्टी पॅनलच्या खाली येते, म्हणून पॅनल जितकं जाड तितका दांडा वर कमी येतो. १८ मिमी प्लायच्या खाली ठोकली तर दांड्यावरचा गोळा पॅनलला टेकल्यासारखा दिसतो आणि मुठीत धरता येत नाही. इथंही पातळ पत्र्याचाच फायदा. बोल्ट एम४, चपट्या डोक्याचे, वरून डोकं पत्र्यात बुडेल असे घ्या. स्टिक ९० अंशांत फिरवून बसवली गेली तर वर दाबल्यावर डावीकडे जातं; उलगडायची गरज नाही, सॉफ्टवेअरमध्ये दिशा पुन्हा नेमल्या की झालं.

१९८० चा ‘पॅक-मॅन’ चार दिशांचा गेम आहे. आठ दिशांच्या स्टिकवर वळणावर दांडा जरा तिरका झाला की दोन स्विच एकदम लागतात आणि तो भिंतीला चिकटून उभा राहतो. स्टिकच्या बुडाशी चौकोनी पट्टी असते, ती फिरवता येत असेल तर चार दिशांची करून घ्या. दांड्याच्या तळाशी एक छोटी ई आकाराची क्लिप असते. स्प्रिंग बदलताना ती टुणकन उडते आणि ती गेली की दांडा हातात येतो. वर फडकं धरून मगच काढा. वर्षभर रोज खेळायचं असेल तर पुढे स्टिक बदलायच्या तयारीने घ्या. सान्वाच्या मापाची स्टिक त्याच चार भोकांत आणि त्याच पाच पिनांच्या वायरीवर बसते.

टेबलावर ठेवायच्या कॅबिनेटला १२ मिमी प्लायची एक ८ बाय ४ ची शीट पुरून उरते: बाजू ६२० बाय ५२० मिमी, आतली रुंदी ६२०. एमडीएफ स्वस्त, पण फरशी पुसताना बुड भिजलं की फुगतं आणि कडेचा स्क्रू दुसऱ्यांदा धरत नाही. कार्यालयांतून निघालेला १९ इंची चौकोनी मॉनिटर इथं सोन्यासारखा. त्याचा दिसणारा भाग साधारण ३७६ बाय ३०१ मिमी, जुन्या गेमच्या चित्राला जवळचा. मागची चार भोकं १०० मिमी चौकोनात असतात. १२ मिमी प्लायमधून एम४ चे २० मिमी लांब स्क्रू लावा, त्याहून लांब लावले तर आतल्या सर्किटला टोचतात.

मेंदू म्हणून रास्पबेरी पाय ४ (तळहातावर मावणारा छोटा संगणक) घेतलात तर सोलापूरचा उन्हाळा हिशेबात धरा. ही चिप ८० अंशांवर स्वतःहून वेग कमी करते. एप्रिल-मेमध्ये खोलीतच ४० च्या वर असताना बंद पेटीत, मॉनिटरच्या पाठीशी, ती मर्यादा गाठायला वेळ लागत नाही. लक्षण ओळखा: गेम सुरुवातीला छान, मग आवाज तुटायला लागतो. चिपवर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) लावाच. शिवाय पाठीला खाली हवा आत यायला भोकं आणि वर ८० मिमीचा पंखा हवा बाहेर फेकणारा. खालच्या भोकांना डासांची जाळी चिकटवा आणि महिन्याला धुवा, धूळ पंख्यापेक्षा मायक्रोस्विचला जास्त नडते. वीजपुरवठा ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचाच हवा. मोबाईलच्या चार्जरवर पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह दिसत राहतं. गेम चालू असताना लाइट गेली की मेमरी कार्डातली माहिती बिघडू शकते. सगळं बसवून झालं की कार्डाची एक प्रत काढून ठेवा. मेन लाइनला फ्यूज असलेलं तीन पिनांचं सॉकेट लावा.

सॉफ्टवेअरवर फार शाई नको. जुने गेम चालवणाऱ्या रेट्रोपाय किंवा बटोसेरा या प्रणाली घ्या, दोन्ही हे बोर्ड लगेच ओळखतात. गेम सुरूच होत नसेल तर दहातून नऊदा फाईलची आवृत्ती जुळत नसते: मेम २००३ या कोअरला (गेम चालवणाऱ्या प्रोग्रामला) गेम-फाईलींचा ०.७८ आवृत्तीचा संच लागतो, एफबी निओ या दुसऱ्या कोअरला ताजा. बहुतेक गेमवर कॉपीराइट आहे. ‘ग्रिडली’ आणि ‘रॉबी रोटो’ यांसारखे मोजके गेम मेमच्याच संकेतस्थळावर बिगरव्यावसायिक वापरासाठी मोफत मिळतात. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत कॅबिनेट मांडून पैसे घ्यायचा बेत असेल तर तो ‘बिगरव्यावसायिक वापर’ नव्हे.

बाजूच्या चित्रांसाठी फ्लेक्सवाल्याकडे फ्लेक्स मागू नका, मॅट लॅमिनेशनचं व्हिनाइल स्टिकर मागा. आणि तेच ते डायनोसॉर छापण्यापेक्षा सोलापुरी चादरीची नक्षी घ्या की! जॅकार्डवर ती मुळात चौकटी-चौकटीनेच विणलेली असते, पिक्सेल आपोआप येतात.

राहिला कॉइन बॉक्स. तो किटमध्ये नाही, वेगळा घ्यावा लागतो. शिकवता येणारा सीएच-९२६ लोकप्रिय आहे: १२ व्होल्टवर चालतो, नमुन्याची नाणी टाकून ओळख करून द्यायची, नाणं पडलं की छोटा सिग्नल देतो. तो बोर्डाच्या कॉइनच्या जागी जोडला की काम झालं. सिग्नलची रुंदी सर्वांत लांब ठेवा, नाहीतर काही नाणी मोजली जात नाहीत. पण चालू नाण्यांवर तो चालवू नका. जुना एक रुपया २५ मिमीचा आणि ४.८५ ग्रॅमचा होता. २०११ च्या मालिकेतला दोन रुपयाही तेवढाच आणि तितकाच जड, तर त्याच मालिकेतला एक रुपया २२ मिमीचा. मशीनने कुणाला ओळखायचं? दहाच्या नाण्याचे तर २०१८ पर्यंतच चौदा नमुने चलनात आले होते. सरळ पितळी टोकन पाडून घ्या, पंधरा-वीस टोकनांनी मशीनला शिकवा, आणि नंतर आणखी लागली तर त्याच साच्यातली, त्याच जाडीची मागवा.