निळ्या दिव्याचे डासयंत्र : चार महिन्यांच्या वापरानंतर

पावसाळ्याच्या तोंडावर 1,400 रुपयांना घेतलेले हे यंत्र आमच्या पुण्यातील घरात गेले चार महिने रोज रात्री चालू असते. बांधणीबद्दल माझी तक्रार नाही. आतला पंखा फारसा आवाज करत नाही आणि खालचा ट्रे सहज निघतो. तक्रार आहे ती त्या ट्रेमध्ये जे सापडते त्याबद्दल. एका रविवारी मी तो जुन्या वर्तमानपत्रावर उपडा केला आणि भिंग घेऊन बसलो, तेव्हा पतंग, चिलटे, दोन हिरवे तुडतुडे आणि एक पंखवाली मुंगी असा ऐवज निघाला. डास मोजून तीन होते आणि त्यांतला एक पिसासारख्या मिशांचा नर, म्हणजे जो मुळात चावतच नाही असा.

डासाची मादी रक्त शोधते ती अंड्यांसाठी लागणारी प्रथिने मिळवण्यासाठी, आणि हा माग ती आपल्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, घामाचा वास व अंगाची ऊब यांवरून काढते. माणूस खोलीत असताना निळ्या उजेडाकडे तिने वळावे असे फारसे काही नसते. त्यातून डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्ती चावते दिवसा, त्यातही उजाडल्यानंतरच्या आणि सूर्यास्तापूर्वीच्या दोन-तीन तासांत अधिक. मी यंत्र बंद करून चहाला बसतो, नेमकी तेव्हाच पांढऱ्या पट्ट्यांच्या पायांची ही बाई टेबलाखाली माझ्या घोट्याशी हजर होते. पाय हलला की ती उडते आणि अर्धवट राहिलेले जेवण शेजारच्या माणसावर पुरे करते. एकच बाधित मादी एका घरातल्या अनेकांना आजारी पाडू शकते, ती या सवयीमुळे. मलेरियाची अ‍ॅनोफिलिस रात्री चावते, म्हणून तिची निदान वेळ तरी यंत्राशी जुळते, पण तिलाही दिव्यापेक्षा झोपलेला माणूसच अधिक ओढतो. सोबतच्या पत्रकात मात्र दोन्ही रोगांपासून ‘संपूर्ण संरक्षण’ एकाच ओळीत छापले आहे.

हा डास वाऱ्यात नीट उडू शकत नाही, म्हणून आम्ही आता सकाळ-संध्याकाळ पायाशी टेबलपंखा लावतो आणि नातीला दुपारीही मच्छरदाणीतच झोपवतो. पतंगांचा त्रास असलेल्यांनी हे यंत्र जरूर घ्यावे. डासांसाठी माझ्याकडून 5 पैकी दीड तारा. परत करण्याची मुदत 10 दिवसांची होती, आणि ट्रे मी पहिल्यांदा उघडला तो तिसऱ्या आठवड्यात.