नॉनस्टॉप घ्यावं की एक थांबा चालेल? आधी तासांचा हिशेब

दोन विमानतळांमधलं अंतर शोधलं की मिळणारा किलोमीटरचा आकडा हा पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेला सर्वांत जवळचा मार्ग असतो. विमान त्याच रेषेवरून जाईल असं नाही. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं, तेव्हा हेलसिंकी–टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला. विमानतळ जागच्या जागीच होते!

अंदाजासाठी सोपा हिशेब असा: जेट विमान असेल तर अंतराला ८५० ने भागा आणि धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणं यासाठी अर्धा तास मिळवा. लांबच्या प्रवासात वाऱ्याचाही विचार करावा लागतो. लंडनहून न्यूयॉर्कला जायला साधारण आठ तास लागतात आणि परतताना सात, कारण जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो.

आता ६,००० किमीचा प्रवास घ्या. नॉनस्टॉपला सुमारे साडेसात तास. वाटेतल्या शहरात विमान बदललं आणि दोन्ही टप्पे मिळून ६,४०० किमी झाले, तर हवेतला आणि धावपट्टीवरचा वेळ साडेआठ तास होतो. म्हणजे वळसा आणि जादा चढ-उतार मिळून तासाभराचाच फरक. खरा वेळ खातो तो मधला थांबा: दीड तासाचा असेल तर एकूण दहा तास, पाच तासांचा असेल तर साडेतेरा. म्हणून पर्याय निवडताना किलोमीटर बाजूला ठेवा आणि तिकिटावरचा ‘एकूण कालावधी’ बघा. सुटण्या-पोहोचण्याच्या वेळा त्या-त्या शहरातल्या असतात. त्यांची नुसती वजाबाकी केली तर उत्तर हमखास चुकतं.

‘डायरेक्ट’ या शब्दाकडेही नीट बघा. उड्डाण क्रमांक एकच, पण विमान मध्ये उतरतं, यालाही डायरेक्टच म्हणतात.

थांबा घेणार असाल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरमध्ये हवेत. पहिलं विमान उशिरा आलं आणि पुढचं चुकलं, तर दुसऱ्या विमानात बसवण्याची जबाबदारी तेव्हा कंपनीवर येते. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात. मात्र बहुतेक वेळा सामान पट्ट्यावरून घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, परदेशात त्यासाठी व्हिसाही लागू शकतो, आणि चुकलेलं विमान तुमच्याच खिशातून जातं. आमच्या मते तेवढी बचत त्या जोखमीच्या लायकीची नाही.

लहान अंतराला, म्हणजे ३५०–४०० किमीला, थांब्याचा विचारच करू नका. तिथे निवड जेट की एटीआर (पंख्यांवर चालणारं लहान विमान) एवढीच असते. एटीआरचा वेग ताशी सुमारे ५०० किमी असला तरी फरक जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचा पडतो, तेव्हा सोयीची वेळ असलेलं विमान घ्या.

नॉनस्टॉप आठवड्यातून दोनच दिवस असेल आणि थांब्याचं रोज, तर थांबा घेणं शहाणपणाचं. फक्त पुढचं विमान त्या दिवसातलं शेवटचं नाही, एवढं बुकिंगआधी तपासा. ते चुकलं तर रात्र विमानतळावर जाते.